पेटीचा वरचा थर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात गेल्या महिन्यात आहार आणि हृदयविकार या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते तरुण डॉक्टर, तयारी चांगली. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला आणि म्हणाले, "हा मेटा-अ‍ॅनालिसिस आहे. याच्या वर पुरावा नसतो. खोबरेल स्वयंपाकातून बंद करा." मागच्या बाकावरून आमच्याच वाडीतले एक बागायतदार उठले. "आमचो आजो नव्वद वर्सा जगलो, तो काय ह्यां वाचून जगलो? सगळे आकडे कंपन्यांचे." टाळ्या दोघांनाही पडल्या. पुढचा अर्धा तास दशावतारातल्या लढाईसारखा गेला. तलवारी खूप फिरल्या, लागली कोणालाच नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि सोबत घरची हापूसची कलमं सांभाळली, म्हणून या वादात तोंड घालतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक चाचण्यांची एकत्र बेरीज, हा कोर्टाचा निकाल नव्हे, तो हिशेब आहे, आणि हिशेब तपासायचा असतो. त्याला हात जोडणं किंवा तो फाडून टाकणं, ही दोन्ही कामं तपासायचा कंटाळा आलेली माणसं करतात. डॉक्टरांनी पहिलं केलं, बागायतदारांनी दुसरं. त्या आलेखात नेमकं काय मोजलं होतं, हे सभागृहात कोणीच विचारलं नाही. (मीही नाही. घरी येऊन शोधलं.)

मुळात प्रकार साधा आहे. एकाच प्रश्नावर दहा गावांत दहा चाचण्या होतात. प्रत्येकीत माणसं थोडी, त्यामुळे प्रत्येकीचं उत्तर डळमळीत. मग त्या सगळ्या गोळा करायच्या, मोठ्या चाचणीला जास्त वजन, लहानीला कमी, असं धरून एक सरासरी काढायची. जीन ग्लास या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली याला नाव दिलं, पण काम जुनं आहे. १९०४ मध्ये लंडनच्या कार्ल पिअर्सनने दक्षिण आफ्रिकेतल्या आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश पलटणींचे आकडे एकत्र करून विषमज्वराच्या लशीचा उपयोग होतो का, हे पाहिलं. एका ठिकाणचे आकडे लशीला चांगलं म्हणत होते, दुसऱ्या ठिकाणचे जेमतेम. त्यात त्याला एक शंका आली. स्वखुशीने लस टोचून घेणारा शिपाई मुळातच जपून राहणारा असेल तर? मग त्याला वाचवलं लशीने की स्वभावाने? त्याने सुचवलं की इच्छुकांची यादी करा आणि त्यातल्या एकाआड एकालाच टोचा. लशीचे जनक आल्मरोथ राइट भडकले, दोघांची छापील जुंपली. पुढे पहिल्या महायुद्धात तीच लस ब्रिटिश सैन्याला मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि विषमज्वर आटोक्यात राहिला. मग पिअर्सन चुकला का? लस खरी निघाली म्हणून तिच्यामागचा जुना पुरावाही चोख होता, असं होत नाही. हा फरक आपल्या सभागृहात सव्वाशे वर्षांनीही कोणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण त्यांनी तो मांडला नाही. बेरीज न केल्याने माणसं मरतात. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध घ्या. १९९२ मध्ये काही संशोधकांनी त्याच्या ३३ चाचण्या तारखेप्रमाणे रांगेत लावल्या आणि दर नव्या चाचणीनंतर बेरीज नव्याने केली. निघालं असं की १९७३ पर्यंतच्या ८ चाचण्यांत, २४३२ रुग्णांत, उत्तर मिळालेलंच होतं. औषध जीव वाचवतं. पण ती बेरीज तेव्हा कोणी केलीच नव्हती. त्यानंतर आणखी २५ चाचण्या झाल्या, त्यांत ३४ हजारांवर रुग्ण घेतले, आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना ते औषध मिळालं नाही. नित्याच्या उपचारात त्याची शिफारस व्हायला ऐंशीचं दशक संपत आलं. ज्याला ही बेरीज आकड्यांची हातचलाखी वाटते त्याने हे पंधरा वर्षांचं ओझं कोणाच्या खात्यावर टाकायचं, ते सांगावं.

आता बागायतदारांची बाजू. तीही लंगडी नाही. त्यांना हे समजवायला मला फार शब्द लागू नयेत, कारण आंब्याची पेटी कशी भरतात हे ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. वरच्या थरात एकसारखी, डागविरहित फळं बसतात. गिऱ्हाईक झाकण उघडतं, बघतं, भाव ठरतो. वैद्यकीय नियतकालिकं म्हणजे असा वरचा थर आहे. ज्या चाचणीत औषध लागू पडलं ती छापली जाते, ज्यात पडलं नाही ती कपाटात राहते. मग कोणी कितीही प्रामाणिकपणे छापलेल्या सगळ्या चाचण्यांची सरासरी काढली, तरी ती वरच्या थराचीच सरासरी.

ही नुसती शंका नाही, मोजलेली गोष्ट आहे. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या घेतल्या आणि त्यांचं पुढे काय झालं याचा माग काढला. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ विरुद्ध किंवा संशयास्पद होत्या. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा रंगवून छापल्या की वाचणाऱ्याला औषध जिंकलं असं वाटावं, आणि फक्त ३ जशा होत्या तशा छापल्या. छापील मजकूर वाचणाऱ्या डॉक्टरला १०० पैकी ९४ चाचण्या यशस्वी दिसल्या असत्या. प्रत्यक्षात ५१.

इथे आमचे बागायतदार म्हणतील, "बघा, मी काय सांगत होतंय?" जरा थांबा. या अभ्यासातला पुढचा आकडा कोणी सांगत नाही. झाकलेल्या चाचण्या धरून हिशेब नव्याने केला, तेव्हा औषधांचा गुण शून्यावर आला नाही. छापील गुण सरासरीने सुमारे एक-तृतीयांश फुगवलेला निघाला, एवढंच. "थोडं खोटं सापडलं, म्हणजे सगळं खोटं" हा तर्क जो बाजारात लावील त्याला या जन्मात आंबा खायला मिळायचा नाही. आणि पेटीत खालपर्यंत हात घातला कोणी? हीच बेरजेची विद्या जाणणाऱ्या माणसांनी. चोर पकडला तो त्याच चावडीवरच्या पहारेकऱ्याने. त्याबद्दल चावडीच पाडायची?

राहता राहिला आजा. नव्वद वर्षं जगलेल्या आजाचा पुरावा आमच्याकडे प्रत्येक घरात असतो आणि तो ऐकायला गोड असतो. पण वरचा थर त्यातही आहे. माझ्याच घराण्यात एक आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, त्यांच्या दातांच्या आणि पोहण्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्यांचा सख्खा भाऊ बेचाळिसाव्या वर्षी शेतातून येऊन ओटीवर बसला आणि छातीवर हात ठेवून गेला. त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. विचारलं तर "आयुष्य तेवढंच" म्हणतात. दोघांच्या ताटात जेवण एकाच चुलीवरचं. कंपन्या नकोशा चाचण्या कपाटात ठेवतात, आपण नकोशी माणसं आठवणीच्या कपाटात ठेवतो. फरक असलाच तर हेतूचा आहे, हिशेबाचा नाही.

छोट्या चाचण्यांची बेरीज ही आणखी एक गंमत आहे. आमच्याकडे तराजूच्या दोन पारड्यांत जन्मजात फरक असला की त्याला पासंग म्हणतात, आणि शहाणं गिऱ्हाईक आधी रिकामा तराजू उचलून बघतं. मॅग्नेशियमचं इंजेक्शन हृदयविकाराच्या झटक्यात द्यावं का, यावर १९९१ मध्ये ७ छोट्या चाचण्यांची बेरीज झाली. माणसं १३०१. ज्यांना मॅग्नेशियम दिलं त्यांच्यात ३.८ टक्के दगावले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ८.२ टक्के. म्हणजे मृत्यू निम्म्याहून कमी, तेही कवडीमोल औषधाने! पाठोपाठ हजारोंच्या एका चाचणीतही थोडा फायदा दिसला. मग १९९५ मध्ये आयसिस-४ या प्रचंड चाचणीचा निकाल आला. त्यात रुग्ण ५८,०५० होते. मॅग्नेशियमच्या बाजूला ७.६४ टक्के दगावले, दुसऱ्या बाजूला ७.२४. फायदा गायब. छोट्या चाचण्यांतली बरीच अपयशं कधी उजेडात आलीच नसावीत, असा संशय मग अनेकांनी घेतला, आणि १९९७ मध्ये मॅथियस एगर आणि मंडळींनी एका जुन्या चित्रावरून असा पासंग मोजायची कसोटी मांडली. प्रत्येक चाचणी म्हणजे एक ठिपका. मोठ्या चाचण्या वर टोकाशी एकत्र, छोट्या खाली दोन्ही बाजूंना पसरलेल्या. चित्र उलट्या नरसाळ्यासारखं दिसायला हवं. नरसाळ्याची खालची एक बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसली, तर त्या बाजूच्या चाचण्या कुठे गेल्या, असं विचारायचं. छोट्या चाचण्यांचा गुण जास्त दिसायला इतरही कारणं असतात, पण निदान प्रश्न विचारायला सुरुवात होते.

पण काही आंबे असे असतात की कितीही वरखाली केले तरी कळत नाही. वरून पिवळाधमक, वास घमघमीत, आणि कापला की आत पांढुरका गाभा. साका. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, १० मे २०२१ रोजी, आमच्या शेजारी गोव्यात आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिन देणार, रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, ३१ मार्चला, हे औषध कोरोनासाठी चाचण्यांबाहेर वापरू नका असं सांगितलं होतं. तरी त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी लोक धावत होते, आणि आयव्हरमेक्टिनच्या बाजूने एक सोडून अनेक बेरजा हातात होत्या. निर्णय घेणाऱ्यांना आज मागाहून हसणं सोपं आहे, मी हसत नाही. माझ्याच घरात दोघांनी त्या गोळ्या घेतल्या होत्या. प्रश्न आहे तो बेरजांचा. त्यांतल्या काहींचा भार इजिप्तमधल्या एका चाचणीवर होता, जिच्यात मृत्यू तब्बल ९० टक्क्यांनी कमी झाल्याचा दावा होता. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तिची मूळ आकडेवारी मिळवली. फाइलला पासवर्ड होता, त्याने १२३४ टाकून बघितलं आणि ती उघडली. आत काही रुग्णांच्या नोंदी दुसऱ्यांच्या नोंदींची नक्कल होत्या, काही माणसं चाचणी सुरू व्हायच्या आधीच वारलेली होती. जुलैमध्ये तो निबंध मागे घेतला गेला. ती आणि तशा संशयित चाचण्या वगळून हिशेब केला, तेव्हा मृत्यू टळण्याचा फायदा उरला नाही.

यातून बेरीज करणाऱ्यांना जो धडा मिळाला तो मला तरी महत्त्वाचा वाटतो. ते आजवर छापील निबंधातली सरासरी उचलून पुढच्या सरासरीत घालत होते. फळ कापून बघायची सर्रास रीत नव्हती. मूळ आकडे दाखवा, नाहीतर तुमची चाचणी बेरजेत घेत नाही, ही मागणी आता जोर धरते आहे. उशिरा, पण धरते आहे.

याच औषधाबद्दल आणखी एक बारीक गोष्ट निघाली. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं उत्तम औषध आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. २०२२ मध्ये एका विश्लेषणाने दाखवलं की कोरोनात त्याचा फायदा दिसला तो मुख्यतः अशा देशांतल्या चाचण्यांत, जिथे स्ट्राँगिलॉइड्स नावाचा मातीतून तळपायात शिरणारा जंत जास्त आढळतो. कोरोनाला स्टेरॉइड देतात, आणि पोटात हा जंत असताना स्टेरॉइड दिलं तर तो शरीरभर पसरून जिवावर उठतो. म्हणजे औषध कदाचित काम करत होतं, पण कोरोनावर नाही, जंतावर. सगळ्या देशांची एक सरासरी काढणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. कोकणातल्या माणसाने मेटा-अ‍ॅनालिसिसला विचारायचा पहिला प्रश्न "खरं की खोटं" हा नाही. "या पेटीत माझा माणूस आहे का?" हा आहे. विंचवाचंच बघा. लाल विंचू चावला की हृदय आणि फुप्फुसं कोलमडून माणसं मरायची, मुलं जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि मृत्यू इतके कमी झाले की ते ओळखायला कोणत्याही बेरजेची गरज नव्हती. पण विंचवाच्या प्रतिविषाचा उपयोग होतो का, हा वाद राहिला. १९९९ मध्ये ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर चाचणी झाली, प्रतिविषाचा उपयोग दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात अत्यवस्थ अशा फक्त १५ मुलांवर झाली, उपयोग लख्ख दिसला. २०११ मध्ये महाडला बावस्करांनी ७० रुग्णांवर केली, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले लवकर बरे झाले. आता या तिघांची वजनानुसार सरासरी काढा. ट्युनिशिया सगळ्यांना गिळून टाकील. पण तिथला विंचू वेगळा, विष वेगळं, प्रतिविष वेगळं, आणि तिथे सौम्य दंश झालेल्यांनाही सरसकट चाचणीत घेतलं होतं. त्या सरासरीवर विसंबून पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीतल्या मुलाचं प्रतिविष थांबवायचं का? बेरीज गणिताने अचूक येईल आणि तरी ती कोणत्याच विंचवाची नसेल.

उलट उदाहरण आंबोली घाट चढून गेल्यावर मिळतं. मुदतीआधी प्रसूत होणाऱ्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि बाळ वाचतं. या विषयावरच्या ७ चाचण्यांची बेरीज म्हणजे पुराव्यावर आधारित वैद्यकाचा इतका मोठा विजय, की कॉक्रेन या संस्थेने तोच आलेख आपलं बोधचिन्ह केला. मग ही गोष्ट गरीब देशांच्या खेड्यापाड्यांत नेली गेली. सहा देशांतल्या चाचणीत बेळगाव आणि नागपूर होते, सुमारे एक लाख जन्म मोजले गेले. २०१५ मध्ये निकाल आला तो चक्रावणारा होता. ज्या लहानग्यांसाठी हे केलं त्यांना फायदा दिसला नाही, आणि एकूण बाळांचे मृत्यू हजारी २३.९ होते तिथे २७.४ झाले. का? कितवा आठवडा हे नक्की ठाऊक नाही, सोनोग्राफी नाही, गरज नसलेल्यांनाही इंजेक्शन गेलं, आणि जन्मलेल्या बाळाला ठेवायला सोय नाही. २०२० मध्ये आपल्या देशासह पाच देशांत, पण नीट सोय असलेल्या रुग्णालयांत, आठवडे तपासून तेच इंजेक्शन दिलं, तेव्हा ते पुन्हा जीव वाचवताना दिसलं. बोधचिन्हावरच्या रेघा खोट्या नव्हत्या. त्यांच्यातली प्रसूतिगृहं आपल्यासारखी नव्हती.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने एवढं कुठे तपासायचं? रास्त आहे. प्रत्येकाने नरसाळी काढत बसावं असं मी म्हणत नाही. पण पाणी कुठून येतं हे बघायला प्लंबर व्हावं लागत नाही. आपल्याकडे चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, आणि जून २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंद सक्तीची आहे. ती कोणालाही फुकट बघता येते. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी एखादं औषध निवडून, नोंदलेल्या चाचण्या किती आणि छापलेल्या किती, एवढं मोजलं तरी त्यांच्या प्रकल्पाच्या वहीचं सोनं होईल. माझ्या काळात आम्ही नाणेफेकीचे प्रयोग करायचो.

मग खोबरेलाच्या त्या आलेखात काय होतं? मला सापडला तो २०२० मधला, १६ चाचण्यांचा हिशेब. खोबरेल तेल खाणाऱ्यांचं, पाम सोडून इतर वनस्पती तेलं खाणाऱ्यांच्या मानाने, वाईट कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सरासरी १०.४७ मिलिग्रॅमने वाढलं. चांगलंही वाढलं, ४ ने. हे मला पटतं, आणि ज्याचं कोलेस्टेरॉल आधीच चढलेलं आहे त्याने ते मनावर घ्यावं. पण त्या हिशेबात हृदयविकाराचे झटके मोजलेले नाहीत, रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजलेलं आहे. आणि प्रश्न तेलाचा आहे. आमच्याकडे नारळ पोटात जातो तो मुख्यतः वाटपातल्या वाटलेल्या खोबऱ्यातून आणि नारळाच्या रसातून, फोडणीला पिढ्यान्‌पिढ्या बऱ्याच घरांत शेंगदाण्याचं तेल आहे. अर्धा तास भांडण नारळावर झालं, कागद तेलावरचा होता. माशांचंही असंच झालं होतं. २०१८ मध्ये ७९ चाचण्या आणि १,१२,०५९ माणसांचा मोठा आढावा आला की माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ ने हृदयविकार टळत नाही म्हणावं इतपतच फरक पडतो, आणि लगेच बांगड्याचा काही उपयोग नाही अशा गप्पा सुरू झाल्या. त्या चाचण्या बहुतेक कॅप्सूलच्या होत्या.

हे सगळं मी बागायतदारांना त्यांच्या पडवीत बसून सांगितलं. त्यांनी मध्येच उठून कपाटातून स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट आणला. वाईट कोलेस्टेरॉल १७१. मी म्हटलं, मेटा-अ‍ॅनालिसिस बाजूला ठेवा, हा कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. ते गप्प बसले. मग विचारलं, "पण मास्तरांनू, सोलकढी चलात मां?"

"तिच्यावर कोणी चाचणी केलेली माझ्या वाचनात नाही," मी म्हणालो.

त्यांनी ते होकार म्हणून धरलं आणि आत दोन पेले सांगितले.